गढीचा घसारा

'आपल्याकडं पाहण्यासारखं आहेच काय?' हा मुळात प्रश्न नाहीच. रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी म्हणायची ती नांदी आहे. आमच्या परभणी जिल्ह्यात ही नांदी फार मोठ्या आवाजात म्हटली जाते. वास्तविक 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छातीवर हात मारून सांगणारी माणसं आम्ही. पण फंडाचे नि ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात जमा झाले की हीच माणसं परभणी सोडतात, जर्मनीलाही वळसा घालतात आणि म्हणीत ज्याचं नावसुद्धा नाही त्या इटलीला जाऊन पोचतात. तिथं पडके किल्ले पाहतात, जमीनदारांचे जुने वाडे पाहतात. परत आल्यावर चारचौघांत म्हणतात, "नाहीतर आपल्याकडं! आहेच काय पाहण्यासारखं?"

या माणसांशी माझं भांडण आहे. आणि हे भांडण मी आज काउंटर बंद करून, शिल्लक जुळवून, अगदी सवडीनं भांडणार आहे.

आमच्या बँकेतले एक साहेब निवृत्त झाले. मुलगी-जावई मिलानकडं नोकरीला, म्हणून साहेब आणि बाईसाहेब दोन महिने इटलीत राहून आले. आल्यावर त्यांनी आम्हां स्टाफला चहाला बोलावलं आणि मोबाइलमधले चारशे बावीस फोटो दाखवले. चहा एकच कप होता. विसाव्या फोटोला एक पांढरं, खांबांचं, देवळासारखं दिसणारं घर आलं.

"हा व्हिला!" साहेब म्हणाले.

"कुणाचा, सर?"

"एका जमीनदाराचा. चारशे वर्षांपूर्वीचा."

"आणि या बाजूच्या लांब पडव्या?"

"त्यात गुरं बांधायचे. अवजारं ठेवायचे. वर धान्य."

"म्हणजे देशमुखाचा वाडा की, सर."

साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तसं नाही हो. तिथं तिकीट आहे."

माझ्या मते साहेबांनी नकळत या विषयावरचं सर्वांत मोठं सत्य सांगून टाकलं. त्याकडं मी नंतर वळतो. आधी त्या व्हिलांचा हिशेब पाहू.

सोळाव्या शतकात व्हेनिसच्या धनाढ्य घराण्यांनी समुद्रावरच्या व्यापारातला पैसा जमिनीत गुंतवायला सुरुवात केली. शेतं घेतली, दलदली बुजवल्या, पिकं काढली. शेत म्हटलं की मालकाला तिथं राहायला घर हवं. पाल्लादिओ (१५०८–१५८०) नावाच्या वास्तुकारानं विचेंझाच्या आसपास अशी घरं बांधली. मधे मालकाचं बिऱ्हाड, दोन्ही अंगांना पडव्या, त्यात वैरण, बैल आणि दारूची पिंपं. जगभरचे लोक आज ज्याच्यापुढं उभं राहून फोटो काढतात तो व्हिला म्हणजे असा मूळचा शेतीवाडा. विचेंझा शहर १९९४ साली युनेस्कोच्या यादीत गेलं आणि १९९६ साली आजूबाजूचे व्हिलाही त्या यादीत जाऊन बसले. सोळाव्या शतकात पेंढा भरायला बांधलेली पडवी विसाव्या शतकात जागतिक वारसा झाली.

आमच्याकडं या गोष्टीला गढी म्हणतात आणि तिच्यात शेळ्या बांधतात.

ज्यांनी गढी पाहिली नाही अशा शहरी वाचकांसाठी थोडं सांगतो. गावाच्या उंचवट्यावर चार बुरूज. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती. एक मोठा दरवाजा, त्याला माणूस वाकूनच आत यावा अशी दिंडी. आत देवड्या, चौक, ओसरी, सागवानी खांब, वर माळवद. भिंतीतच धान्याचं बळद, जमिनीत पेव, कोपऱ्यात आड. भिंतींना जंग्या, म्हणजे बंदूक रोखायच्या फटी. देशमुख, देशपांडे, पाटील, जहागीरदार अशा कुणाकुणाचं हे घर. गावचा वसूल इथं जमा व्हायचा आणि पेंढारी आले की सगळं गाव इथंच आत यायचं. म्हणजे घर, कोठार, कचेरी, तिजोरी सगळं एकाच छपराखाली. आमच्या शाखेतसुद्धा इतके विभाग एकत्र नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मानवतच्या कारकुनाला एवढा पुळका कशाचा? तर त्याचं असं आहे. मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचं गाव. रेल्वेनं यायचं तर 'मानवत रोड'ला उतरावं लागतं. आणि ज्या स्टेशनच्या नावापुढं 'रोड' असतो त्या स्टेशनावर उतरल्यावर गाव लागायला बराच रोड बाकी असतो, हे अनुभवी प्रवाशांना ठाऊक आहेच. पण बाहेरच्या माणसाला मानवत म्हटलं की कापूस आठवत नाही. १९७२ ते १९७४ या काळात इथं गुप्तधनाच्या वेडापायी माणसं मारली गेली. त्यांत लहान मुली होत्या. त्या प्रकरणानं गावाचं नाव देशभर झालं आणि ते अजून पुसलेलं नाही. यावर विनोद करण्याची माझी ताकद नाही आणि इच्छाही नाही. मला एवढंच म्हणायचंय की जुन्या भिंतीखाली सोनं आहे, हा समज आमच्या मुलखात माणसांनाही भोवला आणि भिंतींनाही. माणसांसाठी निदान खटला तरी उभा राहिला.

पीककर्जाच्या तपासणीला मी कधीमधी आमच्या फील्ड ऑफिसरबरोबर खेड्यांत जातो. अशाच एका गावात गढीचा एकुलता एक उरलेला बुरूज मान वर करून पाहत होतो. पारावरचे एक बाबा उठून आले.

"काय पाहायलात सायेब?"

"गढी."

"गढीवर कर्ज मिळायलंय का?"

"नाही बाबा."

"मग कामून पाहायलात?"

याला उत्तर नव्हतं. बँकेच्या दृष्टीनं बाबांचं म्हणणं बिनतोड होतं. पुढं त्यांनीच मला गढीची मृत्युकथा सांगितली. पहिल्यांदा दरवाजाची लोखंडी फुलं गेली. मग दरवाजा गेला. मग सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेल्या. त्या आता कुठल्यातरी शहरात 'गावरान चव' अशा पाटीच्या हॉटेलात उभ्या असतील आणि त्यांच्याखाली बसून साहेबांसारखे लोक दीडशे रुपयांची भाकरी खात असतील. छप्पर गेल्यावर पावसानं भिंती भिजवल्या. गावातल्या लोकांनी माळवदावर टाकायला पांढरी माती टोपल्या-टोपल्यांनी नेली. मग ट्रॅक्टर आले, त्यांनी ट्रॉली-ट्रॉलीनं नेली. दगड पुलाला लागले. अमावास्येच्या रात्री कुणीकुणी कुदळी घेऊन आले, ते सोन्याच्या रांजणासाठी. रांजण सापडला नाही. भोक मात्र राहिलं.

"आन भुयार हाय ना सायेब," बाबा म्हणाले, "थेट देवगिरीला निघतंय!"

मराठवाड्यातल्या एकूण एक गढीतून एक भुयार निघतं आणि ते थेट देवगिरीला जातं. ही सगळी भुयारं खरी धरली तर आमच्या जमिनीच्या पोटात मुंबईच्या मेट्रोपेक्षा मोठं जाळं आहे. तरी परभणीहून संभाजीनगरला जायला बस वेळेवर मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझा आरोप असा आहे की आमच्या मुलखात जुन्या दगडाला दोनच भवितव्यं असतात : शेंदूर नाहीतर सुरुंग. शेंदूर लागला तर दगड वाचतो. मग त्याच्यावर पत्रा येतो, पत्र्यावर स्लॅब येते, स्लॅबखाली टाइल्स येतात आणि शेवटी तो इतका सुरक्षित होतो की दिसतच नाही. शेंदूर लागला नाही तर तो खडी होतो. मधली तिसरी अवस्था, म्हणजे पूजाही करायची नाही नि फोडायचंही नाही, नुसतं झाडून-पुसून, नीट ठेवून पाहायचं, ही आमच्या हिशेबात बसत नाही. इटलीत सगळा धंदा या तिसऱ्या अवस्थेवर चालतो.

पाथरीचंच उदाहरण घ्या. मानवतच्या शेजारचं गाव. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचं जन्मस्थळ म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि तिकडं शिर्डीत बंद पाळला गेला. तो वाद सोडवायला मी जाणार नाही. दुसऱ्या शाखेच्या लेजरमध्ये हात घालू नये, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. पण त्या गडबडीत पाथरीची आणखी एक गोष्ट कुणी काढली नाही. फिरिश्ता नावाचा इतिहासकार लिहितो की अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीचं, ब्राह्मणाचं. त्यातला एक मुलगा विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, मलिक हसन या नावानं बहमनी दरबारात मोठा सरदार झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद यानं १४९० साली निजामशाही उभी केली. पुढं या सुलतानांनी आपल्या पूर्वजांचं गाव आपल्याला हवं म्हणून वऱ्हाडच्या इमादशाहीशी पाथरीवरून लढाया केल्या. विचार करा! बापजाद्यांच्या गावासाठी सुलतान फौज घेऊन निघतो. आमच्याकडं बापजाद्यांच्या वाड्यासाठी माणूस पुण्याहून एक शनिवार काढत नाही.

इथं साहेब मला अडवतात. म्हणतात, "इटालियन लोकांचं रक्तच निराळं हो! त्यांना कलेची दृष्टी आहे."

हे साफ खोटं आहे आणि त्याचा पुरावा तारखांसकट देतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा व्हेनिसच्या परिसरातले शेकडो व्हिला आमच्या गढ्यांसारखेच मरणपंथाला लागले होते. कुठं फौजा राहून गेल्या होत्या, कुठं दिवाणखान्यात वैरण भरली होती, कुठं छतं खाली आली होती, भिंतींवरची चित्रं ओल येऊन गळत होती. मालकांकडं पैसा नव्हता. तेव्हा ज्युसेप्पे माझ्झोत्ती नावाच्या एका लेखकानं काय केलं? उपोषण केलं नाही, मोर्चा काढला नाही. गावोगाव फिरून या पडक्या घरांचे फोटो गोळा केले आणि १९५२ साली त्रेविझो शहरात त्यांचं प्रदर्शन मांडलं. लोकांनी आपल्याच गावाबाहेरची घरं भिंतीवर टांगलेली पाहिली आणि त्यांना लाज वाटली. १९५८ साली इटलीत कायदा झाला, व्हिलांसाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आणि या संस्थेनं काय करावं? मालकांना दुरुस्तीसाठी कर्ज द्यावं! हे वाचल्यावर माझ्यातला बँकवाला उभा राहिला. पुढं त्या मुलखातल्या व्हिलांची यादी झाली, ती चार हजारांवर गेली. चार हजारांतला प्रत्येक काही पाल्लादिओचा नाही. पुष्कळसे साधे, गावातल्या बऱ्या शेतकऱ्याचे वाडे आहेत. पण यादीत आहेत.

आता याच काळात आमच्याकडं काय चाललं होतं? सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कुळकायदा आला, १९६१ साली जमिनीवर कमाल मर्यादा आली. जे झालं ते योग्यच झालं. कसणाऱ्याला जमीन मिळाली. पण गढीचं उत्पन्न बंद झालं आणि गढी चालू राहिली. बँकेच्या भाषेत, ठेव संपली नि खर्च उरला. देशमुखाचे चार मुलगे, त्यांचे अकरा, त्यांचे तेहतीस. एकाला पूर्वेचा बुरूज, दुसऱ्याला अर्धी ओसरी, तिसऱ्याला आडातलं पाणी आणि चौथ्याला फक्त वाट. उताऱ्यावर नावं इतकी की सगळ्यांनी एकदम भेट द्यायची ठरवली तर गढीत उभं राहायला जागा नाही. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, दुरुस्त करायचं तर एकाचीही सही मिळत नाही. सगळे मिळून एकाच गोष्टीवर सहमत असतात : पडेल तेव्हा पाहू.

आणि कायदा? गंमत पाहा, आपला प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदासुद्धा १९५८ सालचाच. पण तो 'राष्ट्रीय महत्त्वाच्या' स्मारकांसाठी. ताजमहाल राष्ट्रीय महत्त्वाचा, वेरूळ राष्ट्रीय महत्त्वाचं, यात वाद नाही. पण मानवत तालुक्यातली गढी राष्ट्रीय महत्त्वाची असल्याचा दाखला कोणता तलाठी देणार? इटलीनं त्याच वर्षी विचारलं, 'गावातल्या वाड्याचं काय करायचं?' आपण विचारलं, 'राष्ट्राच्या वाड्याचं काय करायचं?' राष्ट्राचं आपण पुष्कळ केलं. गाव तेवढं राहून गेलं.

याला तीन आक्षेप नेहमी येतात. तिन्ही मी चहाच्या टपरीवर ऐकलेले आहेत, म्हणजे ते अधिकृतच समजा.

पहिला : पैसा नाही. हा आक्षेप बँकेत बसून ऐकायला फार गोड वाटतो. त्याच गावात मंगल कार्यालयाला प्लास्टरचे बुरूज लावलेले असतात. लग्नात नवरदेवाच्या मागं थर्माकोलचा रायगड उभा करतात, त्याचं भाडं देतात आणि सकाळी तो टेम्पोत घालून पुढच्या लग्नाला पाठवतात. पुण्याकडची पोरं दिवाळीत चार दिवस मातीचा किल्ला करतात. आमच्याकडं मोठी माणसं बारा महिने किल्ल्याची माती करतात. पैसा आहे. तो खोट्या बुरुजावर आहे.

दुसरा आक्षेप : आमचे किल्ले शिवाजी महाराजांचे नाहीत. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मीही त्या संध्याकाळी पेढे खाल्ले. यादी मराठ्यांच्या लष्करी किल्ल्यांची, तेव्हा त्यात मराठवाड्यातला किल्ला नाही, हे ओघानंच आलं. पण म्हणून औसा, उदगीर, कंधार, परंडा, नळदुर्ग, धारूर हे काय दगडांचे ढीग आहेत? उदगीरला १७६० साली सदाशिवराव भाऊंनी निजामाला वाकवलं. विजापूरची ती प्रचंड 'मलिक-ए-मैदान' तोफ १६३२ साली परंड्याहून ओढून नेली. नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केला, १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो. चारशे वर्षांपूर्वीचं बांधकाम अजून गळत नाही. आमच्या शाखेची गच्ची चार वर्षांत गळायला लागली.

आणि नळदुर्गानं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. राज्य सरकारच्या स्मारक संगोपन योजनेत तो काही वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडं देखभालीला दिला गेला. झाडलोट झाली, बाग झाली, वाटा झाल्या, तिकीट लागलं आणि माणसांची रीघ लागली. खासगी हाती द्यावं की नाही, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण किल्ला तोच होता, नदी तीच होती. बदलला होता तो फक्त झाडू.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंचवीसेक किल्ले हॉटेलांसाठी देणार, अशी बातमी आली आणि महाराष्ट्र पेटून उठला. महाराजांशी नातं असलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो राग खरा होता, मला पटलाही. पण एक हिशेबी माणूस म्हणून विचारतो : किल्ला विकला जाण्याच्या बातमीनं जे रक्त उसळतं ते किल्ला ढासळण्याच्या बातमीनं गोठून का जातं? हॉटेलवाला आला तर अपमान आणि जेसीबीवाला आला तर विकास, हे खातं कुठल्या पद्धतीनं लिहितात?

तिसरा आक्षेप मात्र टपरीवरचा नाही. तो आमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी घेतला आणि तो ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. मामा म्हणाले, "सायेब, त्या गढीचे दगड आमच्या आज्यानं वाहिले. फुकट. वेठीनं. दरवाजातून आत जायची मात्र त्याला बंदी होती. ती पडली तर आमी कामून रडावं?"

रडू नये. मामांनी रडावं असं म्हणण्याचा अधिकार मला काय, कुणालाच नाही. इटलीतले व्हिलाही काही मालकांनी स्वतः घमेली उचलून बांधले नाहीत. तिथंही कुणाचा तरी आजा होताच. पण मी मामांना बँकेतलीच एक गोष्ट सांगितली. सावकाराची वही जाळली तर सावकाराचं पाप जळत नाही. कुळाचा पुरावा जळतो. गढी ही तशी वही आहे. तिच्यावर देशमुखाचं नाव आहे खरं, पण प्रत्येक दगडाची घडाई पाथरवटाची आहे, खांबावरचं फूल सुताराचं आहे आणि तो दगड डोंगरावरून ज्यानं आणला त्याचा आणा-पैसा कुठंच जमा झालेला नाही. ती बाकी अजून उभी आहे, चार बुरुजांच्या रूपानं. बुरूज पडला की देशमुखाचं काही जात नाही. त्याचे नातू केव्हाच पुण्याला फ्लॅटमध्ये गेलेत. जातो तो मामांच्या आज्याचा एकमेव पुरावा. दारावर पाटी लावायचीच असेल तर तीवर हेही लिहावं की ही गढी कुणी बांधून घेतली आणि कुणी बांधली.

मामा म्हणाले, "पाटीवर आज्याचं नाव येईल?"

मी म्हटलं, "मागितलं तर येईल."

"मग दरवाजातून आत जाऊन वाचीन," मामा म्हणाले.

मागं १९८५ साली महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आलं. वऱ्हाडातल्या एका देशपांडे घराण्याचा वाडा आणि त्याबरोबर माणसं कशी खचत जातात, ते नाटक. आजही प्रयोग लागला की मध्यमवर्गीय माणूस तिकीट काढून, रांगेत उभं राहून, रंगमंचावरचा वाडा खचताना पाहतो आणि डोळे पुसत बाहेर येतो. त्याच माणसाच्या आजोळचा खरा वाडा त्याच रात्री पावसात खचत असतो आणि त्याला फोन येतो. तो म्हणतो, "बघू, दिवाळीत येतो." नाटकाचा वाडा पाचशेचं तिकीट देऊन पाहिला, खरा वाडा फुकट असून पाहिला नाही. साहेब म्हणाले होते ते हेच : 'तिथं तिकीट आहे.' फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत आपल्याला कळत नाही. मग तिकीटच लावा ना! पाच रुपये लावा. पण त्याआधी दरवाजा लावा, आणि त्याची किल्ली कुणाकडं तरी द्या.

इटलीत १९७५ साली नागरिकांनीच एक न्यास काढला. लोक त्याला आपले जुने किल्ले, वाडे देऊन टाकतात आणि न्यास ते सांभाळून दाखवतो. १९९३ पासून वसंत ऋतूत ठरावीक दिवशी तो एरवी बंद असणारी ठिकाणं लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी शाळेतली पोरं पाहुण्यांना माहिती सांगतात. एवढ्यासाठी रोमचं सम्राटपद लागत नाही. एक किल्ली, एक झाडू आणि सातवीतला एक धीट मुलगा लागतो. तिन्ही गोष्टी मानवत तालुक्यात उपलब्ध आहेत.

म्हणून माझी मागणी फार लहान आहे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. सकाळी झेंडावंदन होतं आणि साडेनऊला सगळे घरी जाऊन झोपतात. त्या दिवशी दुपारी प्रत्येक गावानं आपली गढी, वेस, बारव, जे काही उरलं असेल ते झाडून उघडं ठेवावं. शाळेच्या पोरांनी टेप घेऊन भिंती मोजाव्यात, फोटो काढावेत, म्हाताऱ्यांना विचारून लिहावं आणि ती वही शाळेत ठेवावी. माझ्झोत्तीनं १९५२ साली केलं ते एवढंच. आणि ज्यांची नावं उताऱ्यावर आहेत त्यांनी त्या एका दिवशी पुण्याहून, मुंबईहून यावं. भांडायला आले तरी चालेल. भांडायला तरी आत या.

मी रोखपाल आहे. पाचशेच्या नोटेमागं लाल किल्ला आहे आणि वीसच्या नोटेमागं वेरूळ आहे. दिवसभर माझ्या बोटांखालून हजारो लाल किल्ले आणि हजारो वेरूळ जातात. तिकडं इटलीनं एका सेंटच्या, म्हणजे सगळ्यांत हलक्या नाण्यावर, कास्तेल देल मोंते नावाचा आपला अष्टकोनी किल्ला छापला आहे. किल्ला मोठा असायला नाणं मोठं लागत नाही.

वाणिज्य शाखेत आम्हांला घसारा शिकवला होता. घटत्या शिलकेच्या पद्धतीनं घसारा काढला तर वस्तूची किंमत दर वर्षी कमी होते, कमी होते, पण कधीच शून्य होत नाही. शंभर वर्षांनीही वहीत काहीतरी उरतं. आमच्या शाखेतल्या मोडक्या स्टुलावरसुद्धा मी दर मार्चमध्ये घसारा लावतो आणि त्याच्या नावापुढं दोन रुपये चाळीस पैसे लिहितो. त्या दोन रुपये चाळीस पैशांच्या जोरावर ते स्टूल टाकून द्यायला वरच्या साहेबांची सही लागते.

गढीला तेवढंही संरक्षण नाही. कारण ती कुठल्याच वहीत नाही. आणि जी वस्तू वहीत नसते तिचा घसारा होत नसतो. ती एकदम शून्य होते.

तेव्हा आधी वहीत तरी घ्या.